एकदाच दिसलेले

आमच्या अंजनगाव सुर्जीला समुद्राचे काही काम नाही. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, गावाजवळून वर्षातले काही महिने वाहणारी शहानूर नदी, चहूकडे पऱ्हाटीची काळी राने आणि मधूनमधून पानमळ्यांचा हिरवा, गार अंधार, एवढे आमचे भूगोलाचे भांडवल. इतिहासाचे त्याहून थोडे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात इथे तह झाला. शाळेच्या पुस्तकात ही एक ओळ होती. मास्तर ती मोठ्याने वाचीत, आम्ही मुले एकमेकांकडे पाहून ताठ बसत असू, आणि मग पान उलटले जाई. पुढच्या पानावर आम्ही नसायचो.

अशा गावचा मी संख्याशास्त्र शिकलो आणि समुद्रातले जीव मोजण्याच्या नोकरीला लागलो, हे गावात पुष्कळ दिवस कुणाला खरे वाटले नाही. सुट्टीत आलो की पारावर चौकशी होई.

"समुद्रात का मोजतं रे तू? पाणी?"

"लाटा मोजत असीन," दुसरा म्हणे. लाटा मोजायला बसवले तरी त्यात वरकमाई काढणाऱ्या दरबारी नोकराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. "मंग काई हरकत नाई. वरकमाई हाये त्याच्यात."

मी हसून सोडून देई. खरे म्हणजे समजावून सांगणे मला जमत नसे. माझ्या ट्रंकेत पानसे आणि सुखात्मे यांचे १९५४ साली निघालेले इंग्रजी पुस्तक असे. बाबांनी एकदा ते हातात घेऊन नाव विचारले. मी शब्दाला शब्द लावून सांगितले, "शेती-कामगारांसाठी संख्याशास्त्रीय पद्धती." नावातले कामगार म्हणजे शेतीसंशोधनाचे काम करणारे, पण ते सांगायच्या आत बाबा म्हणाले, "मंग आपल्या सालदाराले दे वाचाले. त्याचा हिशेब कधी जुळत नाई."

पण मोजण्याची ही विद्या वऱ्हाडातून समुद्राकडे गेली ती काही माझ्यामुळे नव्हे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ती गेली होती. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने व्हायचा. रुपयात किती आणे पीक, ते बांधावर उभे राहून ठरवायचे, आपली आणेवारी. नजर माणसाची, आणि माणूस कधी घाबरट, कधी लोभी. इंदूरच्या कापूस-संशोधन संस्थेत काम करणारे विनायक गोविंद पानसे यांनी १९४२-४३ च्या सुमारास आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात कापसाची पाहणी केली ती वेगळ्या तऱ्हेने. गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, गावातली शेते तशीच, शेतातला तुकडाही तसाच. त्या तुकड्यातला कापूस वेचून तोलायचा आणि त्यावरून साऱ्या जिल्ह्याचा हिशेब करायचा. हिशेब किती चुकू शकेल तेही त्यातूनच काढायचे. नजरेच्या अंदाजात हे शेवटचे कधीच नव्हते. पाटलाने "दहा आणे" म्हटले की दहा आणे. आपण कितीने चुकू शकतो हे कुठला पाटील सांगतो?

पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. त्यांनी आणि पानश्यांनी ही रीत देशभर रुजवली. पुढे १९५८ साली या दोघांनी के. व्ही. आर. शास्त्री यांच्याबरोबर एक निबंध लिहिला, तो भारताच्या किनाऱ्यावर उतरणारी मासळी नमुन्यावरून कशी मोजावी याबद्दल. शेताच्या जागी बंदर आले, पऱ्हाटीच्या जागी होडी. आजही आपल्या किनाऱ्यावरची मासळी अशाच रीतीने मोजतात. मोजणीदार निवडलेल्या बंदरावर पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा उभा राहतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा. मधल्या रात्री काय उतरले ते विचारून घेतो. होड्या पंधरा किंवा त्याहून कमी असल्या तर सगळ्या पाहतो, जास्त असल्या तर ठरलेल्या क्रमाने त्यातल्या काही. मला त्यातली रात्रीची चौकशी फार आवडते. जे आपण पाहिले नाही, ते पाहिले नाही असे मान्य करून मग त्याच्या मागे लागायचे.

मासळी तरी जाळ्यात बसून आपल्या पायांनी बंदरावर येते. आमच्या वाट्याला आले होते ते जीव जागचे हलत नाहीत. ती १९८६ ची गोष्ट. कोकणच्या किनाऱ्यावर एका प्रयोगशाळेत समुद्री जिवांतून औषधी द्रव्ये शोधण्याची एक छोटी योजना होती, आणि मी तिथे आकडेमोडीला होतो. खडकांना चिकटून राहणारे स्पंज हे आमचे मुख्य गिऱ्हाईक. स्पंज म्हटल्यावर पाटी पुसायचा बोळा डोळ्यापुढे येतो, पण समुद्रातला स्पंज हा जिवंत प्राणी आहे. त्याला पाय नाहीत, दात नाहीत, पळता येत नाही, ओरडता येत नाही. अंगावर कुणी वाढू लागले, कुणी खायला आले, तर त्याने करायचे काय? तो अंगात विषारी, कडवट, नाना तऱ्हेची द्रव्ये तयार करून ठेवतो. कधी तो स्वतः करतो, कधी त्याच्या अंगात वस्तीला असलेले सूक्ष्म जंतू करतात.

हे मला चटकन पटले, कारण मी पानपिंपरीच्या गावचा. आमच्याकडे पानवेलींबरोबर पिंपरीचेही मळे. तिचीच हिरवी कणसे तोडून उन्हात वाळवली की काळी होतात आणि आयुर्वेदात पिंपळी म्हणून जातात. सुंठ, मिरी आणि ही, मिळून त्रिकटू. तीही जागची न हलणारी वेल. तिचा तिखटपणा हेच तिचे हत्यार. या तिखटाचे मूळ द्रव्य ओर्स्टेड नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १८१९ साली मिऱ्यांतून वेगळे काढले, तेच आमच्या पिंपरीत असते. २००९ साली भारतात क्षयरोगाची एक नवी गोळी निघाली, तिच्यात हे द्रव्य मुख्य औषधाबरोबर घातले आहे. त्यामुळे ते औषध अंगी जास्त लागते आणि त्याची मात्रा कमी पुरते. समुद्राचेही तसेच. १९५०च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात चमत्कारिक द्रव्ये सापडली. त्यांच्या घडणीवरून पुढे रक्ताच्या कर्करोगावरचे सायटॅराबिन तयार झाले. १९६९ पासून ते रोग्यांना दिले जाते. आम्हाला असे काही सापडेल ही आशा कुणी बोलून दाखवीत नसे. पण मनात नव्हती असे म्हणणार नाही.

त्या वर्षीची दिवाळी मी घरी नव्हतो. कारण सांगितले तर अंजनगावात कुणाला पटण्यासारखे नव्हते. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. एरवी पाण्याखाली असणारा खडकाचा खालचा पट्टा त्याच दिवसांत उघडा पडतो. आणि आमच्या किनाऱ्यावर अमावास्येची ओहोटी येते पहाटे पाच-साडेपाचच्या सुमाराला. म्हणजे सारा महाराष्ट्र नरकचतुर्दशीचे उटणे लावून कुडकुडत पाटावर बसला होता, तेव्हा मी गुडघाभर पाण्यात बॅटरी घेऊन उभा होतो. अभ्यंगस्नान म्हणाल तर झाले. शेवाळावरून पाय घसरून दोनदा झाले. गावातून फटाक्यांचा आवाज येत होता, आणि मला आईच्या हातच्या अनारशांची आठवण येत होती. कोकणातल्या पोह्यांच्या फराळाला मी नावे ठेवीत नाही. पण दिवाळीची सकाळ म्हटली की जीभ आपल्या गावी जाते.

आमचे हत्यार म्हणजे सागवानी लाकडाची हातभर लांब-रुंद चौकट. तिच्यात आडवे-उभे दोरे ताणून पंचवीस घरे पाडलेली. ही चौकट खडकावर ठेवायची आणि तिच्या आत जे जे असेल ते मोजायचे. आता चौकट कुठे ठेवायची, यातच सारी गोम आहे. माणसाचा हात आपोआप रंगीत, दाट, नवलाईच्या जागी जातो. म्हणून मी घरूनच आकड्यांचे कोष्टक पाहून जागा ठरवून आणीत असे: दोरीवर इतकी पावले, तिथून खाली इतकी. कोष्टक म्हणे उघडा, रखरखीत कातळ, की तिथेच चौकट. दोन पावलांवर केशरी स्पंजाचा सुंदर पुंजका असला तरी तिकडे पाहायचे नाही. आमच्याबरोबरचा शिपाई पहिल्या दिवशी म्हणाला, "साहेब, समोर ताट वाढलेलं आहे, आणि तुम्ही पाटावर भात शोधताय."

तीन अमावास्या आणि तीन पौर्णिमा झाल्या आणि माझा तक्ता भरला. काही जाती पन्नास-साठ वेळा भेटलेल्या. काही दहा-बारा वेळा. आणि खाली एक लांबलचक शेपूट: दोनदाच दिसलेल्या सहा, एकदाच दिसलेल्या अकरा. अकरा बाटल्यांत नखाएवढे अकरा तुकडे. रसायनशाळेतल्या बाई म्हणाल्या, "एवढ्याशाचा अर्क काढून काय तपासायचं?" आणि त्या वेळी मी, शिकलेला, पुस्तके वाचलेला, सल्ला दिला.

सल्ला असा: एकदाच दिसलेल्यांवरून कसलाही नियम बांधता येत नाही. तक्त्यात ते सगळे 'इतर' या एका रकान्यात टाकू. आणि तपासणीसाठी अकराही तुकडे एकाच बाटलीत भिजवून एकच अर्क काढू.

हा सल्ला अगदीच अडाण्याचा नव्हता. रॉबर्ट डॉर्फमन यांनी १९४३ साली अमेरिकेत सैन्यभरतीच्या वेळी हीच युक्ती सुचवली होती. प्रत्येकाचे रक्त वेगळे तपासण्याऐवजी अनेकांचे थोडे थोडे एकत्र करून तपासा. त्यात काही नसले तर सगळे एकदम सुटले. २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत आपल्याकडेही पाच-पाच जणांचे नमुने एकत्र तपासले जात होते ते याच हिशेबाने. युक्तीचा दुसरा अर्धा भाग असा आहे की एकत्र नमुन्यात काही निघालेच तर प्रत्येकाचा मागे राखलेला अंश घेऊन एकेक तपासायचा. हा दुसरा भाग मला माहीत नव्हता असे नाही. परीक्षेत मी तो लिहिलाही असता. बाटल्यांपुढे उभा असताना तो आठवला नाही, इतकेच.

जानेवारीत बाईंनी मला हाक मारली. काचेच्या बशीत बुरशी वाढवलेली होती आणि तिच्यावर निरनिराळ्या अर्कांत बुडवलेल्या कागदी चकत्या ठेवलेल्या. बहुतेक चकत्यांभोवती बुरशी खुशाल वाढली होती. एका चकतीभोवती मात्र स्वच्छ, गोल, रिकामे खळे पडले होते, चंद्राला पडते तसे. ती चकती आमच्या 'इतर'ची.

बाईंचा चेहरा उजळलेला होता. त्या म्हणाल्या, "अकरांचा वेगवेगळा अंश मागे ठेवलाय ना तुम्ही?"

मी काही बोललो नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग बशीवर झाकण ठेवले. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढच्या तीन अमावास्या आम्ही त्या अकरांना शोधीत फिरलो. या वेळी कोष्टक नाही, काही नाही. माझ्या वहीतल्या खुणांवरून त्याच जागी. चार सापडले. त्यांचे चार वेगळे अर्क काढले. एकाच्याही भोवती खळे पडले नाही. म्हणजे जे होते ते उरलेल्या सातांत होते. किंवा दोघांच्या मिश्रणात होते. किंवा आम्हाला सापडलेल्या चारांपैकीच एकात होते, पण त्या महिन्यात त्याने ते द्रव्य केले नव्हते. स्पंजाचे असेही असते. कालवे काढायला रोज येणारी एक म्हातारी आमची धडपड पाहत असे. एका तांबड्या, बोटाएवढ्या स्पंजाचे चित्र मी तिला दाखवले.

"तां तांबडां? त्या घळीत होतां," ती म्हणाली. "पावसात फातर कोसळलो थंय. मगे नाय बघूक मी."

तिने ते किती वर्षे पाहिले होते ते मी विचारले नाही. ते आता आठवते.

याच दिवसांत बाबा मला भेटायला आले. त्यांनी आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला तो हा. तेव्हा आमच्याकडे छोट्या रुळांवरची शकुंतला गाडी चालत असे. आता ती बंद आहे. तिच्यात बसून मूर्तिजापूर, तिथून मुंबई, तिथून एस.टी.ने रात्रभर, असा प्रवास करून ते उतरले तेव्हा धोतराचा सोगा कोकणच्या तांबड्या मातीने रंगला होता. बरोबर पानांची एक करंडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. माझ्या खोलीत पाणी पिऊन ते लगेच म्हणाले, "चाल, दाखव तुह्या समुद्र."

किनाऱ्यावर ते बराच वेळ उभे राहिले. मग वाकून चूळभर पाणी तोंडात घेतले आणि थुंकले. "हे पानमयाले चालत नाई," असा निकाल दिला. ओहोटी होती. मी त्यांना खडकावर नेले, चौकट ठेवून दाखवली, स्पंज दाखवले. पानमळ्यात उभी हयात गेलेला माणूस. एकेका जीवाकडे ते वेलीचा डोळा पाहावा तसे निरखून पाहत होते. आणि मग, का कोण जाणे, कुणालाही न सांगितलेली ती बाटलीची गोष्ट मी त्यांना सगळी सांगितली. डॉर्फमन वगळून.

बाबांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "बेणं ठेवलं नोयतं?"

वेलीची लागण बियांवर नसते, बेण्यावर असते. मळ्यावर मर आली तर एका हंगामात सगळा मळा वाळून जातो. म्हणून बाबा दर साली प्रत्येक वाफ्यातल्या चांगल्या वेलींचे थोडे थोडे बेणे काढून दुसऱ्याच्या मळ्यात एका कोपऱ्यात लावून ठेवीत. लहानपणी मला ते फुकटचे काम वाटे, कारण ती पाने दुसरेच तोडून नेत.

"नाही ठेवलं," मी म्हणालो.

"मंग आता का करतं?" ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. खरेच विचारीत होते. मला उत्तर नव्हते, म्हणून आम्ही पाणी चढू लागेपर्यंत तिथेच बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना करंडीतली शंभर पाने मोजून दिली. बाई पान खात नसत. पण त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. पुढच्या वैशाखात बाबा गेले. माझी चुकलेली दिवाळी ही त्यांची शेवटची होती, हे मला तेव्हा कुठल्या कोष्टकाने सांगितले नव्हते.

योजना संपली आणि मी कॉलेजात शिकवू लागलो. तिथल्या ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांची बांधणी चाळताना १९४३ सालचा एक लेख हाती आला. त्यात ए. एस. कॉर्बेट नावाच्या गृहस्थांची फुलपाखरे होती. त्यांनी मलायात पुष्कळ फुलपाखरे पकडली होती. त्यांच्या वहीत ११८ जाती अशा की ज्यांचे एकेकच फुलपाखरू मिळाले. ७४ जातींची दोन-दोन. ४४ जातींची तीन-तीन. २४ जातींची चार-चार. आणि पुढे तसेच. प्रश्न असा की तेवढाच काळ पुन्हा जाळे घेऊन हिंडले तर किती नव्या जाती मिळतील? तो काळ कुणी हिंडलेले नाही, ती फुलपाखरे कुणी पाहिलेली नाहीत. संख्याशास्त्राचे थोर आचार्य रोनाल्ड फिशर यांनी याला हात घातला. पुढे गुड आणि टूलमिन यांनी १९५६ साली त्याची जी रीत दिली ती पोराला सांगण्याइतकी सोपी आहे: ११८ मधून ७४ वजा करा, ४४ मिळवा, २४ वजा करा, पुढचे मिळवा, त्याच्या पुढचे वजा करा. तक्ता संपेपर्यंत असे करीत गेले की ७५ उरतात. पंचाहत्तर नव्या जाती.

मी ती बेरीज-वजाबाकी ग्रंथालयाच्या टेबलावर स्वतः केली. आणि मग माझ्या लक्षात आले की सगळा भार पहिल्या आकड्यावर आहे. एकदाच दिसलेल्यांवर. ज्यांच्यावरून नियम बांधता येत नाही असे मी म्हणालो होतो, न पाहिलेल्या जगाची खबर नेमके तेच देतात. शंभर वेळा भेटलेल्या जातीकडून काय कळणार? ती आहेच. पण तक्त्यात एकेकदाच दिसलेले पुष्कळ असले तर समजावे की दाराबाहेर अजून रांग आहे. एकही नसला तर बहुतेक मंडळी आत येऊन बसली आहेत. अॅलन ट्युरिंग यांना हीच कल्पना महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडताना सुचली होती. अॅन चाओ या तैवानच्या बाईंनी १९८४ साली आणखी एक छोटे सूत्र दिले: एकदा दिसलेल्यांच्या संख्येचा वर्ग करा, त्याला दोनदा दिसलेल्यांच्या दुपटीने भागा, निदान इतक्या जाती तरी तुमच्या नजरेतून सुटल्या आहेत. माझे एकदाचे अकरा, दोनदाचे सहा. एकशे एकवीसला बारांनी भागले, दहा आले. त्या खडकावर निदान दहा जाती अशा होत्या ज्या आमच्या चौकटीत कधी आल्याच नाहीत. मी मात्र अहवालात ऐटीने लिहिले होते की पाहणी जवळजवळ पूर्ण झाली आहे. अहवाल लिहिला गेला त्याच्या दोन वर्षे आधी ते सूत्र छापले गेले होते, हेही नमूद करायला हवे.

साऱ्या समुद्राचा असा हिशेब पुष्कळांनी केला आहे. आजवर नावे दिलेल्या समुद्री जाती सुमारे दोन लाख चाळीस हजार. २०११ साली मोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज केला की एकूण बावीस लाख असाव्यात. म्हणजे दहांतल्या नऊ अजून कुणी पाहिलेल्याच नाहीत. पुढच्याच वर्षी शंभराहून अधिक तज्ज्ञांनी मिळून हिशेब केला तो सात ते दहा लाखांचा. लोक विचारतात, एवढा फरक, मग हे कसले शास्त्र? मला उलट वाटते. दोघांनीही आपण कशावरून बोलतो ते सांगितले आहे आणि कितीने चुकू तेही. पाटलाच्या दहा आण्यांपेक्षा मला हे भांडण पसंत आहे.

अजून एक गोष्ट तेव्हा मला कळली नव्हती, तिचे भय नंतर वाटू लागले. औषध सापडले तर पुढे काय? समुद्रातल्या एका पिशवीसारख्या जीवातून कर्करोगावरचे ट्रॅबेक्टेडिन निघाले. त्याचा एक ग्रॅम मिळवायला सुमारे टनभर जीव लागत. शेवटी प्रयोगशाळेत ते घडवायची वाट सापडली म्हणून निभावले. आमचा तो तांबडा, बोटाएवढा स्पंज खरोखरच गुणी निघाला असता आणि पत्ता फुटला असता, तर त्या घळीचे काय झाले असते, असा विचार येतो. त्याने माझी चूक पुसली जात नाही. तरी येतो.

विजयदुर्गच्या पश्चिमेला, भर समुद्रात शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली एक पठार आहे, आंग्र्यांच्या नावाचे: आंग्रिया बँक. तिथे प्रवाळ आहेत. २०१९ च्या डिसेंबरात संशोधकांची एक तुकडी पाणबुड्यांसह तिथे जाऊन आली, ते मी वर्तमानपत्रात वाचले तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो हा की त्यांच्या तक्त्यात एकेकदाच दिसलेले किती? आणि दुसरा, त्यांनी ते वेगळे ठेवले ना?

आता मी निवृत्त होऊन अंजनगावच्या घरी राहतो. दिवाळीत घर भरते. पिंपरीची तोड सुरू झाली की अंगणात ती वाळत पडेल. सध्या अंगण रिकामे आहे, म्हणून तिथे रांगोळीची घाई आहे. ती सागवानी चौकट मी योजना संपताना मागून आणली होती. तिचे दोरे दोनदा बदलले. कित्येक वर्षे ती माळ्यावर होती. चार वर्षांमागे माझ्या पुतण्याच्या मुलीला ती सापडली. दोऱ्यांच्या प्रत्येक गाठीखाली एकेक ठिपका टाकला की ठिपके नीट एका रेषेत येतात, हा शोध तिचा. तेव्हापासून नरकचतुर्दशीच्या पहाटे, ओहोटीच्या वेळेला, आमची चौकट दारात मांडली जाते.

काल ती मला विचारीत होती, "आबाजी, हे कायले केलं होतं?"

मी म्हणालो, "समुद्रातली जनावरं मोजाले."

"मंग मोजली का सगळी?"

"नाई," मी म्हणालो. "निदान दहा राह्यली."

तिने मान हलवली आणि चौकट उचलून पुढच्या फरशीवर ठेवली.